नऊ ते सहाचं घर

(जून २०२१. कोरोनाचा लॉकडाऊन चालू असताना आलेलं एक पत्र आणि त्याला उत्तर.)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या वडगावचा, वय ६८. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होतो, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. घरात मी, आमची मंडळी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान एप्रिलच्या शेवटापासून बंद आहे. सून खाजगी मराठी शाळेत शिकवते, पगार निम्म्यावर आलाय, तास मोबाईलवर घेते. नातू दहावीला, नात तिसरीला. मंडळी गुडघ्यांनी बेजार. मला बीपी आहे, कोविशील्डचा पहिला डोस मार्चमध्ये झालाय.

रिटायर झालो तरी मी घरात लोळत पडलो नाही. पहाटे फिरायला, मग वाचनालय, मग कट्टा, दुपारी जेवून जरा आडवा, चारला परत कट्टा, सातला भजन. गेल्या वर्षीच्या लॉकडाऊनला एवढं जाणवलं नाही. टीव्हीवर रामायण लागायचं, सगळे एकत्र बसायचो. यंदा ज्याचं त्याचं तोंड मोबाईलात. मी काही बोललो की सगळ्यांना टोचतं. बातम्या लावल्या की आवाज कमी करा. गॅस बारीक कर म्हटलं की भांडी आपटतात. सकाळी सहाला बाजारात जाऊन दहा रुपयांत सहा जुड्या कोथिंबीर आणली, तर सून कपाळाला हात लावते. नातू दिवसभर मोबाईल घेऊन बसतो म्हणून एकदा हिसकावून घेतला, तर म्हणे त्याचा तास चालू होता.

गेल्या मंगळवारी कहर झाला. अंघोळ करून टॉवेलवर सोप्यातून, म्हणजे पुढच्या खोलीतून, माझ्या खोलीकडे चाललो होतो. सुनेचा तास चालू होता. नातवंडांसमोर मला म्हणाली, "मामा, जरा आत थांबता का?" हे घर मी बांधलंय. माझ्याच घरात मला आत थांब! त्या दिवसापासून मी बोलणं सोडलंय. ताट खोलीतच मागवतो. कोल्हापूरच्या लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणते इकडे या, पण नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट मागतात. कट्ट्यावर आम्ही सहाजण होतो, त्यातले दोघे मे महिन्यात गेले. असो.

खानापूर तालुक्यातल्या नंदगडला आमचं जुनं घर आहे, शेजारी भाऊबंद आहेत. लॉकडाऊन आता १४ जूनपर्यंत वाढलंय. तिथं जाऊन एकटाच राहावं असं मनात येतं. जाऊ का?

एक सासरा, वडगाव


काका, नमस्कार.

आधी नंदगडचं उरकते, कारण तुम्ही पिशवी भरायला घेतली असेल अशी मला शंका आहे. जाऊ नका. वाटेत पोलीस अडवतील ते अडवतीलच, पण बंद घर पावसाळ्याच्या तोंडावर उघडायचं म्हणजे कौलं परतण्यापासून सुरुवात, आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! भाऊबंद शेजारी आहेत म्हणता. बेळगावहून आलेल्या माणसाला या दिवसांत गावात कुणी ओसरीवर घेत नाही, आणि त्यात त्यांचंही काही चुकत नाही. शिवाय भाकरी कोण भाजणार ते तुम्ही लिहिलेलंच नाही. गुडघे धरून बसलेल्या काकूंना तिथं नेणार, की भावजयीच्या चुलीवर आणखी एका ताटाचा भार घालणार? कोल्हापूरचंही सोडा. जाताना महाराष्ट्राला रिपोर्ट दाखवायचा, येताना कोगनोळी नाक्यावर कर्नाटकाला दाखवायचा, आणि एवढं करून लेकीच्या घरी पोचलात तरी तिथेही सकाळचे नऊ वाजणारच आहेत. तुमची अडचण त्या नऊशी आहे.

म्हणजे काय, ते सांगते.

रिटायर होऊन दहा वर्षं झाली म्हणता. पण तुम्हीच लिहिलेला दिवस बघा की: पहाटे बाहेर, वाचनालय, कट्टा, परत कट्टा, भजन. घरात तुम्ही जेवायला आणि झोपायला येत होता. त्याआधी उद्यमबागेत पाळी होती. म्हणजे लग्न झाल्यापासून आजपर्यंत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळातलं तुमचं घर तुम्ही रविवार, आजारपण आणि गेल्या वर्षीचं लॉकडाऊन सोडलं तर बघितलेलंच नाही. भिंती तुम्ही बांधल्या, ते खरं. पण त्या भिंतींच्या आत दिवसभर काय चालतं, कुठल्या वेळी कोण कुठे बसतं, सोप्यातली खिडकी कुणाची, दुपारी दोन ते तीन स्वयंपाकघरात कुणी जायचं नाही हे सगळं तुमच्यामागे ठरत गेलं. आधी काकूंनी ठरवलं, मग सुनेनं. ते घर तुम्हाला नवीन आहे. तुम्ही तिथे पाहुणे नाही, पण नवखे आहात.

कारखान्यात नवा माणूस शॉपवर आला की काय करायचा, आठवतं? तो किती का हुशार असेना, पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या चालू लेथजवळ जाऊन "फीड कमी कर" म्हणायचा का? म्हणाला असता तर तुम्ही त्याला काय ऐकवलं असतं, ते मला लिहून पाठवू नका, इथं छापता यायचं नाही. गॅस बारीक कर म्हणजे तेच, काका. आणि तुमच्या वडगावात आणखी एक गोष्ट झालीय. एरवी गल्लीत विणकरांच्या मागांचा खडखडाट असा असतो की सासरा काय पुटपुटला ते सुनेला कळत नाही, सून काय म्हणाली ते सासऱ्याला. आता माग बंद. पुटपुटलेलं सगळं ऐकू जातंय.

आता टॉवेलकडे येऊ.

तुमच्या सुनेची सकाळ मी बघितलेली नाही. पण तिच्यासारख्या कितीतरी शिक्षिकांची पत्रं गेल्या वर्षभरात माझ्याकडे आली आहेत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. नळाला पाणी यायची पाळी असेल तर ती पहाटे उठते. उप्पीट दोनदा गरम करते, कारण मुलगा उशिरा उठतो. तासात शिट्टी वाजायला नको म्हणून कुकर तासाच्या आधी उतरवते. मग सोप्यात खिडकीपाशी बसते, कारण रेंज तिथंच येते. मोबाईल दोन डब्यांच्या आधाराने उभा करते. साडीवरच्या पिठाच्या खुणा झटकते. पलीकडे पंचवीस-तीस पोरं, आणि प्रत्येक पोराच्या पाठीमागे त्याची आई किंवा आज्जी. पूर्वी वर्गाचं दार लावलं की बाई आणि पोरं एवढीच असायची. आता तिचं शिकवणं तीस घरं बघतात. कुणीतरी उच्चारांतल्या चुका काढतं, कुणीतरी फी भरायची की नाही ते त्या तासावरून ठरवतं, आणि फी आली नाही की शाळा पहिली कात्री कुणाच्या पगाराला लावते ते तुमच्या घरात दिसतंच आहे. अशा वेळी तिच्या पाठीमागून तिचा सासरा टॉवेलवर जातो.

"मामा, जरा आत थांबता का?" याहून मऊ वाक्य त्या दोन सेकंदांत कुणाला सुचलं असतं, मला नाही वाटत. मामा म्हणाली. जरा म्हणाली. थांबता का म्हणून विचारलं. नातवंडांसमोर बोलली ते तुम्हाला लागलं, आणि त्या वयात ते लागतं, त्याला मी हसत नाही. पण तास संपेपर्यंत ती थांबली असती तरी टॉवेल थांबणार होता का? तिनं त्या तीस घरांसमोर तुमचीही अब्रू राखली, असं बघा.

आणि हे रुसणं. ताट खोलीत मागवता म्हणजे नेमकं काय होतं? तिला नाहीतर काकूंना एक खेप जास्त. वाढून न्यायचं, पाणी न्यायचं, भात वाढायला परत जायचं, उष्टं ताट आणायचं. काकूंच्या गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंय. ज्याच्यावर राग त्यालाच त्या रुसण्याचं काम लागलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

पत्रात एका माणसाबद्दल दुकान बंद आहे यापलीकडे एक अक्षर नाही. तुमचा मुलगा. धडधाकट माणूस एप्रिलच्या शेवटापासून घरात आहे, आणि त्यानं काय करावं, काय करू नये याबद्दल तुमची काहीच तक्रार नाही. सुनेनं कोथिंबिरीवरून कपाळाला हात लावला ते दिसलं, मुलगा कुठल्या खोलीत होता ते दिसलं नाही. धंदा बंद पडलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालत असेल ते मी जाणते, भाडं थांबत नाही. पण तुम्ही काही हातात घेतलंत तर तो तुमच्याकडे बघून उठेल, सुनेनं सांगून उठणार नाही. आपल्याकडच्या घरांत हे असंच आहे, मला आवडो न आवडो.

मग हातात काय घ्यायचं? मदत करतो म्हणू नका. मदत म्हणजे तिनं सांगायचं, तुम्ही विचारायचं, तिनं परत दाखवायचं. एखादं काम असं घ्या की त्याचा विचारसुद्धा तिच्या डोक्यातून जाईल. माझ्या मते तुमच्यासाठी पाणी. नळ कधी येतो त्यावर कान ठेवणं, मोटर लावणं, टाकी, बॅरल, पिण्याची घागर, सगळं बाप-लेकांनी बघायचं. आयुष्यभर मशीन सांभाळलेल्या माणसाला मोटरचा वॉशर गेला तर घरात मेकॅनिक शोधायची वेळ येऊ नये. दुपारचा चहाही तुमच्याकडे घ्या. घरातली सगळी माणसं मिळून दिवसाला किती चहा होतात ते मोजायला लावत नाही, पण चारचा एक तुम्ही ठेवलात तर तिला दोनपासून पाचपर्यंत स्वयंपाकघराचं तोंड बघायला लागणार नाही. चहा आमटीसारखा झाला तरी चालेल. आणि पातेलं तुम्हीच विसळा. ते राहिलं की सगळं फुकट.

कोथिंबिरीचं मात्र मला जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात तुमचं मन चांगलं होतं. सहा ते दहा एवढ्या चार तासांत बाजार, शेतकऱ्याचा माल मातीमोल, बाई दहा रुपयांत सहा जुड्या देते आणि वर हात जोडते. अशा वेळी एक जुडी घेऊन पुढे जाववत नाही, हे मला कळतं. पण जुड्या घरी आल्या तेव्हा वाजले असतील आठ. ओली कोथिंबीर, मुळांना माती. ती निवडायची कुणी? त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. साडेनऊला जिचा तास आहे ती आठ वाजता सहा जुड्या कोथिंबिरीकडे बघते तेव्हा तिला त्यात दहा रुपये दिसत नाहीत. स्वस्ताई तुम्हाला पडली, वेळ तिचा गेला. आणायचीच असेल तर आणा, पण वर्तमानपत्र पसरून तुम्हीच निवडायला बसा. दोन जुड्या निवडून झाल्या की पुढच्या वेळी किती घ्यायची ते आपोआप कळेल.

आणि खरं तर रोज बाजारात जाऊच नका. तुमचा निदान एक डोस झालाय. १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस म्हणून जाहीर केलं, पण कर्नाटकात लसच पुरेना म्हणून ते थांबवावं लागलं. तुमच्या मुलाचा आणि सुनेचा, वय पंचेचाळीसच्या आत असेल तर, एकही झालेला नसणार. सकाळी सहाला ज्या गर्दीत तुम्ही जाता, तिथलं काही घेऊन आलात तर ते आधी त्या दोघांना गाठेल. हातगाडीवाले गल्लीत येतातच. काकूंनी सांगितलेलं चिठ्ठीवर लिहून घ्या, चिठ्ठीत आहे तेवढंच घ्या, दारातून घ्या. करवंदं-जांभळं घेऊन खेड्यातल्या बाया दारावर आल्या तर चिठ्ठीबाहेर पडायला माझी परवानगी आहे.

आता बातम्या. इथे मला जरा थांबायचंय.

सीमेवर राहण्याचा एक तोटा या सव्वा वर्षात मला चांगलाच कळलाय. आपल्या टीव्हीवर मुंबईही येते आणि बेंगळूरही येतं. तिकडचे आकडे मराठीत ऐकायचे, इकडचे कन्नडमध्ये, आणि दोन्ही राज्यांचं मेलेलं माणूस आपल्याच सोप्यात येऊन पडतं. नियमांचाही घोळ. कोल्हापूरची लेक सांगते दुकानं सात ते अकरा, आणि आपल्याकडे ती दहालाच बंद. तुमच्याकडेही असंच चालत असेल. पण तुम्ही दिवसभर बातम्या लावता, आवाज मोठा ठेवता आणि कुणी कमी करा म्हटलं की दुखावता, याचं कारण मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीत दिसतं. "त्यातले दोघे मे महिन्यात गेले. असो."

टॉवेलवर तुम्ही सहा ओळी लिहिल्यात. या दोघांवर एक, आणि पुढे असो.

दहा वर्षं रोज दोनदा ज्यांच्याशेजारी बसलात ती माणसं गेली. अंत्यविधीला पाचच माणसं न्यायची परवानगी, त्यात तुमचा नंबर कसा लागणार? खांदा दिला नाही, दहाव्याला घाटावर गेला नाहीत, बाराव्याला त्यांच्या दारात चपला काढल्या नाहीत. पेपरात चौकोनी फोटो आला असेल, तोही एखाद्या पानभर फोटोंमध्ये. आपल्यात माणूस गेलं की चार दिवस त्या घरी जाऊन बसायचं, काही न बोलता बसायचं, चहा घ्यायचा नाही, उठून यायचं. त्यानं ते माणूस गेलं हे अंगात मुरतं. तुमच्या बाबतीत ते झालंच नाही. ते सगळं आत साठलेलं आहे आणि बाहेर पडताना ते गॅस बारीक कर, मोबाईल ठेव, आवाज मीच मोठा ठेवणार, असं पडतंय. घरातल्यांना वाटतं सासरा कटकट्या झाला. त्यांना तुम्ही सांगितलंय का, हे दोघे तुमचे कोण होते? नुसतं "अमका गेला" नव्हे. तो कसा बोलायचा, कुणाची नक्कल करायचा, उधारी कशी विसरायचा, हे?

आज दुपारी दोन फोन करा. त्या दोन्ही घरी. काय बोलायचं म्हणून घाबरू नका. त्याच्या बायकोला, मुलाला त्याची एक गोष्ट सांगा, जी कट्ट्यावरच घडली आणि घरी कधी कळली नसेल. समोरून रडू आलं तर फोन ठेवायची घाई करू नका. अशा घरी पहिले दोन-तीन दिवस खूप फोन येतात आणि मग एकदम थांबतात. तुमचा उशिरा गेला तर तो जास्तच लागेल.

आणि कट्ट्यावरचे उरलेले तिघे. त्यांच्याही घरात चार वाजता एकेक सासरा असाच येरझाऱ्या घालत असणार, लिहून ठेवा. नातवाला सांगा, तिघांना एकाच फोनवर जोडून दे. त्याला अर्धा मिनिट लागेल. चहा ठेवून झाला की कप घेऊन गच्चीवर जा आणि तिथून काय बोलायचं ते बोला, राजकारण, सीमाप्रश्न, खासदारकीची पोटनिवडणूक, सगळ्यांच्या सुना. गच्चीवर बोलाल तेवढं सोप्यात कमी बोलाल. लेकीकडे सुनेची गाऱ्हाणी मात्र बंद. कोल्हापुरात बसून तिला इथलं काही करता येत नाही, ती भावाला फोन करणार, भाऊ बायकोवर उखडणार, आणि तुमचा मंगळवार महिनाभर चालणार. लेकीचा फोन काकूंना द्या. दिवाळीपासून भेट नसेल तर मायलेकींना बोलायला बरंच असेल, तुम्ही तिथून जरा लांब बसा.

काकूंबद्दल आणखी एक. तुम्ही त्यांना पत्रात गुडघ्यांपुरतंच आणलंय. नऊ ते सहाचं घर त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. सून नवीन आली तेव्हा त्यांनीही एकदा आपली जागा सोडून सरकून घेतलं असेल, कसं ते त्यांना विचारा. आज रात्रीच विचारा. मला वाटतं त्या बरीच वर्षं वाट बघतायत.

नातवाचा मोबाईल हिसकावला, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, पण पुन्हा तसं करू नका. तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईतो दहावीचं जाहीर झालं: बारावीची परीक्षा रद्द, दहावीची मात्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घेणार, दोनच दिवस. एका दिवशी गणित-विज्ञान-समाज, दुसऱ्या दिवशी भाषा, सगळे प्रश्न पर्यायांचे. हे पोर वर्षभर मराठीतून शिकलंय, तेही बरंचसं मोबाईलवर, आणि दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरचे धडे कन्नडमध्ये. त्याला कुणीतरी समोर बसून प्रश्न वाचणारं माणूस हवंय. ते तुम्ही करू शकता. उत्तर तुम्हाला यायला नको, पुस्तकाच्या मागे असतं. फक्त चुकला तर "आमच्या वेळी" सुरू करू नका.

राहिलं अबोला मोडायचं. सून तुमच्याशी बोलायला येईल याची वाट बघू नका, तिला वेळ नाही. माफीबिफीही नको, तिलाच ओशाळल्यासारखं होईल. आज रात्री ताट खोलीत मागवू नका, बाहेर पाटावर येऊन बसा. जेवण अर्ध्यावर आलं की साध्या आवाजात विचारा, "उद्या तुझा तास किती वाजता?" एवढंच. ती सांगेल. दुपारचा असेल तर तोही विचारा, नातीचा विचारा, नातवाचा विचारा. मग उठून पेन घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये उद्याच्या चौकोनात त्या वेळा लिहा. तुमच्या अक्षरात. सकाळी त्या बघून अंघोळीची वेळ ठरवा. ती काही बोलणार नाही कदाचित. पण दुसऱ्या दिवशी तास आधी-मागे झाला तर ती स्वतः येऊन तुम्हाला सांगेल, नाहीतर मला कळवा. दुपारी अमुक ते तमुक टीव्ही तुमचा, असं त्याच कॅलेंडरवर लिहून घ्यायलाही हरकत नाही. तुमचाही हक्क आहे की! सहा माणसांत सोपा एकच असेल तर तो तासावरच वाटावा लागतो.

हे १४ तारखेला उघडेल असं धरून चालू नका. उघडलं तरी वाचनालय आणि भजन लगेच सुरू होतील असं मला दिसत नाही.

आणि दुसरा डोस. कोविशील्डचं अंतर आता १२ ते १६ आठवडे केलंय, म्हणजे मार्चमध्ये घेतलेल्यांची वेळ याच महिन्यात येते. पहिल्या डोसचा मेसेज कुठल्या मोबाईल नंबरवर आला होता ते आधी शोधा, बहुतेक मुलाच्या असेल. त्याच नंबरावरून नातवाला वेळ बघायला सांगा. जाताना आधार कार्ड घ्या, सकाळची बीपीची गोळी चुकवू नका, आणि मुलाला बरोबर न्या.